गुंडावरचं बोट

आयुष्यभर मी लोकांच्या मागे अर्धं पाऊल ठेवून चाललो. आमच्या धंद्याचा तो नियमच आहे. आजारातून उठलेल्या माणसाला किती चाल झेपते ते बघायचं असेल, तर त्याच्या पुढे चालायचं नाही. तो तुम्हाला गाठायला बघतो. बरोबरीनंही चालायचं नाही; तो गप्पा मारतो आणि दम लपवतो. अर्धं पाऊल मागे राहायचं, तोंड बंद ठेवायचं, हातातल्या घड्याळाकडे लक्ष द्यायचं. तेहतीस वर्षं हेच केलं. आता गुडघे बोलतात. अनुभव लिहा असं कोणी म्हटलं की मला आधी गुडघेच आठवतात, मग माणसं.

मी फिजिओथेरपिस्ट. गोंदियातल्या एका दवाखान्यात नोकरी केली, मुर्रीला घर बांधलं, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. आमच्याकडे हा इंग्रजी शब्द उच्चारायच्या फंदात कोणी पडत नाही. शहरात मी 'करंटवाले साहब' होतो आणि खेड्यांत 'कसरतवाले डॉक्टर'. मी डॉक्टर नाही हे पहिली दहा वर्षं सांगितलं, मग कंटाळा आला. करंट म्हणजे दुखऱ्या जागी लावायचं विजेचं यंत्र. मुंग्या येतात, बरं वाटतं आणि पेशंटला स्वतः काही करावं लागत नाही, म्हणून त्याला फार मागणी. हृदयाच्या झटक्यातून उठलेले एक राइस मिलवाले शेठ मला रोज म्हणायचे, "साहब, चलना-वलना तो घर पे भी हो जाएगा, आप बस दो मिनिट करंट लगा दो." मी त्यांना व्हरांड्यात चालवलंच. आठ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत, पण चालले.

तो व्हरांडा हे माझं खरं यंत्र. तीस मीटर सरळ फरशी, दोन्ही टोकांना एकेक खुर्ची आणि सहा मिनिटं. पेशंटनं आपल्या चालीनं खुर्चीला वळसे घालत चालायचं, लागलं तर भिंतीला टेकून थांबायचं. सहा मिनिटांत किती मीटर झाले, नाडी किती वाढली, बोटाला लावायचा चिमटा ऑक्सिजन किती दाखवतो आणि दम किती लागला, एवढं मी लिहायचो. दरेकशाच्या बाजूचा एक जंगलमजूर होता. पहिल्याच दिवशी व्हरांड्याच्या टोकाला पोचला आणि वळायच्या ऐवजी सरळ दाराबाहेर निघाला. मी मागे धावलो, तर तो न थांबता म्हणाला, "गाडीचा टाइम झाला ना साहेब. चालाचंच हाय तं टेसनाकडंच चालतो." त्याचे मीटर कसे लिहायचे ते मला अजून कळलेलं नाही.

लिहायच्या या चार गोष्टींपैकी तीन मोजून कळतात. चौथी, दम, पेशंटलाच विचारावी लागते. त्यासाठी शून्य ते दहा अशी पट्टी असते. पेशंटनं त्यातला आकडा सांगायचा. आमच्या बायांना मी विचारायचो, "दहापैकी किती दम लागला?" तर त्या माझ्याकडे बघत राहायच्या आणि म्हणायच्या, "लागला थोडासाक." मग मी डोकं चालवलं. नाटकांचे बोर्ड रंगवणाऱ्या एका पेंटरकडून पुठ्ठ्यावर चित्रं काढून घेतली. सगळ्यात खाली घरापुढच्या सपरीत निवांत बसलेली बाई, ती शून्य. तिच्या वर डोक्यावर पाण्याचा गुंड, म्हणजे हंडा, घेतलेली बाई, ती दोन. त्यावर धानाचा भारा नेणारी, पाच. त्यावर तोच भारा घेऊन तलावाची पाळ, म्हणजे मातीचा उंच बांध, चढणारी, सात. आणि सगळ्यात वर छातीला हात लावून खाली बसलेली, तिला दहा. "यातलं कोणतं?" म्हणून विचारायचं. बोट लगेच पडायचं. बाहेरून आलेले मोठे डॉक्टर मोबाइलमध्ये त्या पुठ्ठ्याचे फोटो काढून न्यायचे. मी वरवर 'त्यात काय एवढं' म्हणायचो आणि घरी येऊन दोनदा सांगायचो.

त्याच पुठ्ठ्यानं एका बाईचे दहा महिने खाल्ले. तेच सांगायला बसलोय, बाकीचं सगळं लांबण लावणं होतं.

तिचं नाव देवका. वय छत्तीस-सदतीस, गाव आमगावच्या पुढे. नवरा ट्रकवर, महिन्यातून दोनदा घरी. गावचा तलाव यांच्याच घराण्यातल्या कोणा पूर्वजानं बांधलेला, आणि त्याचा अभिमान अजून घरातल्या सगळ्यांच्या बोलण्यात असतो, विशेषतः सासूच्या. सासूचं नाव गंगाबाई. धानाच्या रोवणीच्या दिवसांत देवका धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, घसरली आणि घोट्याचं हाड मोडलं. सहा आठवड्यांचं प्लास्टर. त्या सहा आठवड्यांत गंगाबाईनं सुनेला खाटेवरून पाय खाली ठेवू दिला नाही. पाणी हातात, ताट हातात. सुनेचे असे लाड करणारी सासू मी क्वचितच पाहिली आहे, आणि या लाडानंच घात केला. पाय हलला नाही, पोटरीच्या शिरेत रक्त साकळून गाठ झाली. पोटरी सुजली, ती प्लास्टरमुळे सुजली असं सगळ्यांना वाटलं. एके दिवशी सकाळी अंगणात उभं राहताच देवका श्वासासाठी धडपडत खाली कोसळली.

पायातली गाठ सुटून रक्ताबरोबर वर चढली, हृदयातून पुढे गेली आणि फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकली होती. गंगाबाईला हे मी तिच्याच भाषेत सांगितलं. तलावाचं पाणी सोडायची मोरी असते, तिला तुडुम म्हणतात. तुडुमात गवताचा मोठा गोळा अडकला की पुढं पाणी जात नाही आणि मागं पाळीवर दाब येतो. इथं पाळ म्हणजे हृदय. गंगाबाईला ते एका दमात कळलं. "मंग गोरा काढा ना," ती म्हणाली. गोळा काढायची, म्हणजे विरघळवायची, औषधं आमच्या मोठ्या डॉक्टरांनी वेळेवर दिली आणि देवका वाचली. पुन्हा गाठ होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी सुरू केली, वर्षभर घ्यायची. तीन आठवड्यांनी तिला माझ्याकडे पाठवलं.

पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, "साहेब, रोवना कदी करता येईन?"

मी म्हटलं, आधी व्हरांडा तर कर. तेव्हा गंगाबाई मध्ये पडली. "माई सून पुढं म्हनते साहेब. ते नसली तं बाया गप्प गप्प रोवतात, अन् बांधी सरता सरत नाई."

बाहेरच्यांसाठी सांगतो. बांधी म्हणजे पाणी भरून ठेवलेलं धानाचं शेत. त्या चिखलात दहा-बारा बाया ओळीनं वाकून उभ्या राहतात, एकेक रोप रोवत मागे मागे सरकतात. दिवसभर वाकूनच. एक बाई गाण्याची ओळ पुढं म्हणते, बाकीच्या ती झेलून म्हणतात, आणि हातही त्याच तालावर चालतात. पुढं म्हणणारी जी असते तिला ओळीत मधली जागा असते, म्हणजे दोन्ही टोकांना आवाज जावा. आजूबाजूच्या चार गावांत ती जागा देवकाची होती. पुढच्या रोवणीला ती जागा तिला परत मिळावी, एवढ्यासाठी ती माझ्याकडे येत होती. बरं होण्याचा दुसरा काही अर्थ तिला ठाऊक नव्हता, आणि मी तो लावूही गेलो नाही.

ती दर महिन्याला यायची. आमगावहून गाडीनं, सोबत गंगाबाई. पहिल्यांदा दोनशे सत्तर मीटर चालली. मग तीनशे दहा. मग तीनशे पस्तीस. मी खूश. मग तीनशे चाळीस, तीनशे पस्तीस, पुन्हा तीनशे चाळीस. तिथंच अडकली. चालून झाल्यावर मी पुठ्ठा पुढं धरायचो, बाकावर बसलेली गंगाबाईही मान वाकवून बघायची, आणि देवकाचं बोट दर वेळी गुंडावर पडायचं. मी लिहायचो, दम दोन. चिमट्यातला ऑक्सिजन चालताना थोडा उतरायचा. मी म्हणायचो, बोट थंड असेल. मीटर वाढत नाहीत, तर साडीत अडखळत असेल, परक्या माणसांत लाजत असेल, चप्पल नवी असेल. कारणं मला भराभर सुचत गेली, कारण पुठ्ठा माझा होता आणि पुठ्ठा 'दोन' म्हणत होता.

या आजारातून उठलेली बहुतेक माणसं काही महिन्यांत हळूहळू पूर्वीसारखी होतात. दम कमी होतो, चाल वाढते, भीती मात्र जरा उशिरा जाते. पण थोड्या जणांमध्ये गाठ पूर्ण विरघळतच नाही. ती नळीला चिकटून वाळते, फुप्फुसातला दाब वाढत जातो आणि हृदयाची उजवी बाजू थकत जाते. म्हणून तीन-चार महिन्यांनीही दम लागत असेल तर हृदयाची सोनोग्राफी पुन्हा करायची असते. मोठे डॉक्टर मला प्रत्येक वेळी विचारायचे, "दम?" मी सांगायचो, "दोन, सर. स्थिर आहे." तीस वर्षं सोबत काम केलेल्या माणसाच्या शब्दावर ते विश्वास ठेवायचे. रोवणी आटोपली की गोळीही थांबवू, असं त्यांनी ठरवलं. आणि मी देवकाच्या कार्डावर लिहून दिलं, 'रोवणीला हरकत नाही.' खाली माझी सही. देवकानं कार्डाची घडी करून पिशवीत ठेवली आणि दहा महिन्यांत पहिल्यांदा माझ्यासमोर हसली.

रोवणी ऐन भरात असताना गंगाबाईचा फोन आला. मी जेवायला बसलो होतो.

"साहेब, ते गानं म्हनून नाई राहिली."

"म्हणजे?"

"म्हनजे तोंड हालवते. आवाज नाई. दुसरीच बाई पुढं म्हनून राहिली. तीन रोज झाले, मी धुऱ्यावर बसून ऐकून राहिली."

"आजी, गाणं माझ्या खात्यात येत नाही. दमते का ती?"

"विचारलं तं नाई म्हनते. पन गानं कायले सोडन ते? माया धनी गेला त्या सालीबी म्हनलं होतं तिनं. मीच म्हनाले लावलं."

पुढच्या महिन्यात आणा, बघतो, असं म्हणून मी फोन ठेवला. खरं सांगायचं तर वैतागलो होतो. सुट्टीचा दिवस, त्यात सासूबाईंना गाण्याची तक्रार सांगायला मीच सापडलो. दोन घास खाल्ले आणि तिसरा घास हातातच राहिला. आमच्या कॉलेजात पहिल्या वर्षी, कोणतंही यंत्र हातात द्यायच्या आधी शिकवलेली गोष्ट आठवली. कष्ट करता करता माणूस गाऊ शकत असेल तर कष्ट हलके. बोलू शकतो पण गाऊ शकत नाही, तर मध्यम. बोलताही येत नसेल तर थांबवा. ही गोष्ट मी स्वतः शेकडो लोकांना सांगितली होती. गंगाबाई मला तीच सांगत होती, आणि मी तिला खातं कोणाचं ते समजावत होतो.

मोटरसायकल काढली. आमगाव ओलांडून बांधीवर पोचलो तेव्हा दुपार होती. अकरा बाया ओळीनं वाकलेल्या. मधली जागा एका तरुण बाईनं घेतली होती आणि ती बरं गात होती. देवका ओळीच्या अगदी टोकाला, धुऱ्याला लागून. तिचे ओठ सगळ्यांबरोबर हलत होते. दोन रोपं रोवली की ती डावा हात गुडघ्यावर टेकायची, मान वर करून श्वास घ्यायची, पुन्हा वाकायची. वाकल्यावर पोट दाबलं जातं, श्वासाला जागाच राहत नाही. मी तिला तीस मीटर सपाट फरशीवर ताठ उभं करून चालवत होतो आणि पास करत होतो वाकून करायच्या कामाला. हेही मला त्या धुऱ्यावर उभं राहून कळलं, दहा महिन्यांत कळलं नव्हतं.

तिला बाहेर बोलावलं. ओठ काळपट. हात धुऊन बोटाला चिमटा लावला, आकडा बघितला आणि पुन्हा लावून बघितला. मग सवयीनं विचारलं, "दम किती?"

पुठ्ठा समोर नव्हता. तरी ती म्हणाली, "गुंड."

मी ओरडलो. पेशंटवर आवाज चढवायचा नाही हे मला शिकवावं लागलं नव्हतं, पण त्या दिवशी चढवला. "देवका, खरं सांग!"

ती माझ्याकडे नवलानं बघत राहिली. मग थांबत थांबत, मध्ये श्वास घेत म्हणाली, "खरंच सांगून राहिली ना साहेब. तुमच्या त्या कागदावर भारा हाय, पाळ हाय. मी का भारा घेतला होता? तुमच्या फरशीवर खाली हातानं चालली. खाली हातानं चालून भाऱ्यावर बोट कसं ठेवू? सासूबाई बाजूले बसून राहे. काय म्हनन ते? सहा हप्ते खाटेवर बसून खाल्लं, अन् आता म्हनते मी भारा नेला."

"मी कायले म्हनन वो पोरी?" गंगाबाई म्हणाली, आणि खाली बसली.

मी विचारलं, "कामाचं सोड. छातीत कसं होतं ते सांग."

"भारा घेऊन पाळीवर चढली की होते ना, तसं. कदी कदी तं नुसती बसली तरी होते."

"कधीपासून?"

"दवाखान्यातून आली तेव्हापासून."

मी दम विचारत होतो आणि चित्रं कामाची दाखवत होतो. ज्या बाईनं आयुष्यभर काम मोजलं, तिनं कामच मोजून दाखवलं. रिकाम्या हातानं केलेली चाल गुंडाच्या वर कशी जाईल? तिच्या हिशेबानं गुंडसुद्धा जास्तच होता. तो तिनं माझ्या समाधानासाठी दिला असावा. तिच्याआधी त्या पुठ्ठ्यावर किती बायांनी अशी प्रामाणिक बोटं ठेवली असतील, याचा विचार मी त्या दिवशी केला आणि नंतरही पुष्कळदा केला. त्याला आता काही इलाज नाही.

दुसऱ्या दिवशी तिला दवाखान्यात आणलं. मोठ्या डॉक्टरांना सांगितलं, "सर, माझे सगळे 'दोन' चुकीचे आहेत." त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि सोनोग्राफीची चिठ्ठी लिहिली. ते चिडले असते तर बरं झालं असतं. हृदयाची उजवी बाजू मोठी झालेली होती. नागपूरला पाठवलं, तिथं फुप्फुसाच्या तपासण्या झाल्या. जुन्या गाठी बारीक नळ्यांमध्ये वाळून चिकटल्या होत्या. ऑपरेशननं काढता येतील अशा जागी त्या नाहीत, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. दाब कमी करायची औषधं सुरू झाली आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभराची झाली. महिन्याभरात आम्ही तीच गोळी बंद करणार होतो. तेवढं गंगाबाईच्या कानानं वाचवलं.

आधी कळलं असतं तर काय फरक पडला असता, हे मी नागपूरच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, गाठींच्या जागा काही बदलल्या नसत्या, पण औषध लवकर सुरू झालं असतं आणि थकलेल्या हृदयाला चिखलात वाकायला लावलं नसतं. चांगला माणूस, त्यानं माझी समजूत काढायचा प्रयत्न केला.

गंगाबाईला पुन्हा तुडुमाच्या भाषेत सांगावं लागलं. गवताचा गोळा पूर्ण निघालाच नव्हता, उरला तो गाळात बसून घट्ट झाला. ती ऐकत होती. मग शांतपणे म्हणाली, "मंग तुमी काय पाहून राहिले होते साहेब?" आवाजात राग नव्हता. तलावाची राखण ज्याच्याकडे असते त्याला पाणी कुठून गेलं हे विचारतात, तसं तिनं विचारलं. खरं उत्तर 'एका पुठ्ठ्याकडे' एवढंच होतं.

पुठ्ठा मी भिंतीवरच्या खिळ्यावरून कायमचा काढला. त्यानंतरची दोन वर्षं, म्हणजे माझ्या नोकरीची शेवटची दोन, देवकाला चालवण्यात गेली. अशा माणसाची कसरत फार कंटाळवाणी असते. पाच मिनिटं चालायचं, थांबायचं. पंधरा दिवसांनी सहा मिनिटं. खुर्चीवरून उठायचं, बसायचं, मोजून. वजन उचलायचं नाही, वाकून काम करायचं नाही, दम कोंडून जोर करायचा नाही. एखाद्या महिन्यात दहा मीटर वाढतात आणि पुढच्या महिन्यात साधा खोकला होऊन वीस मीटर जातात. कोणी टाळ्या वाजवत नाही. चालवणाराही थकतो, पण त्याला थकवा दाखवायची सोय नसते. कितीदा वाटलं, पुरे आता. पण दर महिन्याला त्या दोघी दारात उभ्या असायच्या.

दम मोजायला आता मी तिला गायला लावायचो. व्हरांड्यात चालता चालता रोवणीचं गाणं. पहिल्या दिवशी ती लाजून अर्धमेली झाली. औषधाच्या खिडकीसमोरची रांग वळून बघायला लागली. तपासणीला आलेले आमचे राइस मिलवाले शेठ मान डोलवत म्हणाले, "ये तो करंट से अच्छा है, साहब." चालता चालता एका श्वासात तिची अर्धी ओळ व्हायची. तीन-चार महिन्यांनी एक ओळ झाली. वर्षानं दीड. मी कार्डावर तसंच लिहायचो, 'दीड ओळ', आणि मोठे डॉक्टर ते वाचून मान हलवायचे. दोन ओळी कधी झाल्या नाहीत. पुन्हा रोवणीत उतरायचं नाही, हे तिच्या कार्डावर मलाच लिहावं लागलं. माझ्या सहीनं दिलेली रोवणी मी माझ्याच सहीनं काढून घेतली. त्या दिवशी तिनं कार्डाची घडी केली नाही. तसंच हातात धरून गेली.

निवृत्तीनंतर मी ठरवून तिकडे फिरकलो नाही. यंदा रोवणीत गंगाबाईचा फोन आला, "येऊन जा एकखेप." कशाला, ते सांगितलं नाही. गेलो.

बांधीत बाया वाकलेल्या होत्या आणि देवका धुऱ्यावर बसली होती. दोन्ही पाय पोटरीपर्यंत बांधीच्या चिखलात सोडलेले. मला आधी वाटलं, गार वाटावं म्हणून. गंगाबाईनं सांगितलं ते असं. जिचे पाय चिखलात नाहीत तिनं पुढं म्हणायचं नाही, असा रोवणीचा रिवाज आहे. धुऱ्यावर बसून दुसऱ्यांना गाण्यावर राबवणं बरं दिसत नाही. कार्डावर मनाई लिहिल्यापासून दर रोवणीला देवका म्हणूनच घरी बसून होती. यंदा बायांनीच तोड काढली. हात चिखलात नसले तरी चालतील, पाय असू दे.

देवकानं ओळ म्हटली. एकच. बायांनी ती झेलली आणि दोनदा म्हटली, तेवढ्यात देवकाचा श्वास भरला. मग पुढची ओळ. आवाज पूर्वीइतका लांब जात नसेल. मी पूर्वीचा कधी ऐकलाच नव्हता. पण अकराही बायांचे हात तिच्या तोंडाकडे लक्ष ठेवून चालत होते, आणि एखाद्या वेळी तिला श्वास अपुरा पडला तर सगळी ओळ रोपं हातात धरून थांबत होती. मी धुऱ्यावर तोंड फिरवून बसलो. डोळे भरून आले होते आणि गंगाबाई माझ्याकडेच बघत होती.

जेवायच्या सुट्टीत देवका म्हणाली, "चला साहेब, तुमाले आमचा तलाव दाखवते." पाळीवर जायची वाट चढणीची, फार उभी नाही. ती पुढं निघाली, शिकवल्याप्रमाणे सावकाश, दहा पावलांवर थांबत. मी मागे. सवयीनं अर्धं पाऊल मागे. मग एक पाऊल. मग ती वर पोचली तेव्हा मी अजून निम्म्यात होतो, एक हात गुडघ्यावर टेकलेला, आणि छातीतला भाता मला माझ्याच कानांनी ऐकू येत होता.

तिनं वरून विचारलं, "साहेब, किती?"

"किती काय?"

"दम. कोन्त्या चित्रावर बोट ठेवता?"

"गुंड," मी म्हणालो.

देवकानं माझ्या रिकाम्या हातांकडे बघितलं. हसली नाही. पाळीवर तशीच उभी राहून ती माझी वाट बघत राहिली. तिच्या हातात घड्याळ नव्हतं.